लाल बावटा आणि सूर्यमाळचे पठार : ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागातील एका पक्षाचा उदय व त्यासंबंधीचे वाद

१

राजकीय पक्षाचा इतिहास सामान्यतः त्याच्या ठरावांवरून, अधिवेशनांवरून व निवडणुकांतील यशापयशावरून लिहिला जातो. ही पद्धती शहरी पक्षांच्या बाबतीत बहुतांशी उपयोगी पडते. परंतु ज्या पक्षाचे अनुयायी निरक्षर होते, ज्यांना पक्षाचे नावही नीट ठाऊक नव्हते, आणि ज्यांनी त्याला केवळ त्याच्या निशाणावरून ओळखले, अशा पक्षाचा इतिहास या पद्धतीने हाती लागत नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील व आजच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी भागात कम्युनिस्ट पक्ष व त्याच्या प्रेरणेने चालणारी किसान सभा यांचा जो उदय १९४५ नंतर झाला, तो या प्रकारचा आहे. वारली समाजाच्या तोंडी या दोहोंचे नाव एकच होते : लाल बावटा.

या पक्षाबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन एकतर गौरवपर आहे किंवा निषेधपर. गौरव करणारे त्याच्या उदयाचे श्रेय नेत्यांच्या त्यागाला व शास्त्रशुद्ध विचारसरणीला देतात. निषेध करणारे तो बाहेरून आलेल्या चिथावणीचा परिणाम मानतात. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे. दोघेही आदिवासीला ज्याच्यावर काहीतरी केले जाते असा मनुष्य मानतात. एका भूभागात हा पक्ष झपाट्याने पसरला आणि त्याला लागून असलेल्या दुसऱ्या भूभागात त्याचा प्रवेश उशिरा व क्षीण झाला, या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण मात्र या दोहोंपैकी एकाही मताने होत नाही. तलासरी व डहाणू हे या पक्षाचे बालेकिल्ले झाले. मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळसारख्या पठारावर तसे घडले नाही. नेते तेच होते, विचारसरणी तीच होती आणि दारिद्र्यही कमी नव्हते. तेव्हा या भेदाचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे. ते सापडल्यास पक्षाच्या उदयाचे कारण आणि त्याच्याभोवती माजलेल्या वादांचे मर्म या दोहोंवर प्रकाश पडण्यासारखा आहे.

२

१९४५ पूर्वी या प्रदेशाची राजकीय घडण एकसारखी नव्हती. समुद्रकिनाऱ्यालगतचे पालघर, डहाणू व उंबरगाव हे भाग मुंबई इलाख्याच्या ठाणे जिल्ह्यात मोडत. त्यांच्या पूर्वेस सुमारे ३१० चौरस मैलांचे जव्हार संस्थान होते. तेथे मुकणे या कोळी घराण्याची सत्ता इसवी सनाच्या चौदाव्या शतकापासून चालत आली होती. जव्हारच्याही पूर्वेस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला टेकलेला मोखाडा हा पेटा पुन्हा ब्रिटिश मुलखात होता आणि तो शहापूर तालुक्याला जोडलेला होता. सूर्यमाळचे पठार याच पेट्यात खोडाळ्याच्या बाजूला येते. याप्रमाणे थोड्याशा अंतरात तीन प्रकारच्या कारभारांखाली एकाच प्रकारचे लोक, म्हणजे वारली, महादेव कोळी, ठाकूर, कोकणा व कातकरी, राहत होते.

१९३५ च्या कायद्याखाली डहाणू तालुका आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ म्हणून घोषित झाले होते. अशा प्रदेशांत कायदेमंडळाने केलेले कायदे गव्हर्नरच्या संमतीवाचून लागू होत नसत. आदिवासींना संरक्षण मिळावे हा या तरतुदीचा उघड हेतू होता. १९३७ साली अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने या प्रदेशांतील स्थितीची चौकशी करण्याचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविले. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात सक्तीचे बिनमोल श्रम, मारहाण, स्त्रियांची विटंबना व सावकारी व्यवहारांतील फसवणूक यांची नोंद आहे. कम्युनिस्ट कार्यकर्ते या भागात येण्यापूर्वीच सरकारच्या स्वतःच्या अधिकाऱ्याने ही स्थिती लिहून ठेवली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘असंतोष बाहेरून आणला गेला’ या पुढील काळातील आरोपाला या अहवालाइतके स्पष्ट उत्तर दुसरे नाही.

किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात जमिनीची मालकी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू आदिवासींच्या हातून निसटली आणि जमीनदार-सावकारांच्या हाती गेली. पूर्वीचा कसणारा त्याच जमिनीवर कूळ म्हणून राहिला. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की तो मालकाकडून खावटी घेई आणि पिकाच्या वेळी ती वाढीदिढीने फेडी. खंडाव्यतिरिक्त मालकाच्या शेतावर, घरी व वाडीत वेठ द्यावी लागे. याहूनही कठोर प्रथा लग्नगड्याची होती. तरुणाने लग्नासाठी मालकाकडून थोडीशी रक्कम घेतली म्हणजे तो व त्याची बायको त्या रकमेपोटी मालकाच्या घरी राबू लागत. श्रमाचा हिशेब कधीच पुरा होत नसे आणि कर्ज जन्मभर फिटत नसे.

याच पट्ट्यात आणखी दोन व्यवहार चालत. एक गवताचा आणि दुसरा लाकडाचा. मुंबईतील तबेल्यांना लागणारे गवत येथील माळांवर कापले जाई व रेल्वेने शहराकडे रवाना होई. जंगलातील कूप लिलावाने घेणारे ठेकेदार आदिवासींकडून तोड करवीत; महायुद्धाच्या काळात लाकूड व कोळसा यांची मागणी विशेष वाढली होती. हे दोन्ही धंदे हंगामी होते आणि दोहोंना थोड्या काळात पुष्कळ मजूर लागत. पुढील घटनांचा उलगडा या आर्थिक रचनेवाचून होत नाही.

३

श्यामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर हे पतिपत्नी मूळचे नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते होते. १९३९ च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात आले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. तिला माह्या धांगडा व त्यांच्याबरोबरचे काही वारली उपस्थित राहिले. आपल्या मुलखात येऊन कार्य करावे अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर परुळेकर पतिपत्नींनी उंबरगाव व डहाणू भागांत पायी हिंडून संघटना बांधली. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद झाली. तिला सुमारे पाच हजार लोक जमले होते. वेठ द्यावयाची नाही आणि लग्नगडी म्हणून कोणी राबावयाचे नाही, असा निश्चय तेथे झाला.

या निश्चयाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात जमिनीच्या फेरवाटपाची मागणी नव्हती. राज्यसत्ता हस्तगत करण्याची भाषा नव्हती. मालकाचे घर जाळावे किंवा त्याचे धान्य लुटावे असेही त्यात काही नव्हते. ‘आजपासून हे काम फुकट करणार नाही’ एवढाच त्याचा आशय होता. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम निमूटपणे केले, त्याने एका दिवशी ते थांबविले, ही घटना मालकांच्या दृष्टीने जमिनीच्या मागणीपेक्षाही अधिक धक्कादायक होती. अल्पावधीतच गावोगावचे लग्नगडी मालकांची घरे सोडून निघून गेले. या प्रथेला पुष्टी देणारा कायदा कोणताच नसल्यामुळे त्यांना परत आणण्यास मालकांजवळ धाकाखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि तो धाक आता ओसरला होता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळावेत, अशी किसान सभेची मागणी होती. गवत कापण्याचा काळ थोडा असतो; तो टळला की माळावरचे पीक वाळून मातीमोल होते. या कारणाने संप परिणामकारक ठरला. १९४६ च्या शरदऋतूत असाच संघर्ष जंगलकामाच्या मजुरीवरून झाला. दिवसाला सव्वा रुपया या मागणीसाठी कामे बंद ठेवण्यात आली. नोव्हेंबर १९४६ मध्ये लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला किसान सभेशी तडजोड करावी लागली.

एवढ्यावरून पक्षाच्या प्रसाराचे कारण स्पष्ट होते. लाल बावट्याने वारल्यांना प्रथम दिले ते मार्क्सचे तत्त्वज्ञान नव्हे, तर ‘नाही’ म्हणण्याचा अनुभव. हा अनुभव ज्यांच्या हातून घडला ते स्वतः वारलीच होते. परुळेकरांचे कर्तृत्व त्याला शब्द, शिस्त व एकाच दिवशी सर्वांनी वागण्याची रीत देण्यात होते.

४

उदयाबरोबरच वादही सुरू झाले. त्यांपैकी पहिला वाद हिंसेचा. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो आदिवासी जमले असता पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व अन्य चार जण मृत्युमुखी पडले. हा जमाव जीवितास व मालमत्तेस धोका निर्माण करणारा होता, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. उलट किसान सभेचे म्हणणे असे की, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी तलवाड्यास जमावे, अशी खोटी वार्ता जमीनदारांच्या हस्तकांनी मुद्दाम पसरविली. आणि लोक जमल्यावर दंगलीची हाकाटी करून पोलीस बोलाविण्यात आले. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन आदिवासी ठार झाले. मधल्या काळात प्रमुख कार्यकर्त्यांवर जिल्हाबंदीचे हुकूम बजावण्यात आले होते.

या दोन प्रसंगांचा विचार करताना एक गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. या दोन्ही ठिकाणी प्राण गेले ते आदिवासींचे. चळवळीने भीतीचे वातावरण निर्माण केले, संपात सामील न होणाऱ्यांवर दडपण आणले, असे आरोप त्या वेळी झाले व ते सर्वस्वी निराधार होते असे म्हणता येत नाही. कोणत्याही सामुदायिक बहिष्कारात दडपणाचा अंश असतोच. तथापि त्याच काळात तेलंगणात जो सशस्त्र लढा उभा राहिला, त्याच्याशी ठाण्याच्या चळवळीची तुलना केल्यास भेद स्पष्ट दिसतो. तेलंगणात दले उभारली गेली, जमिनी वाटल्या गेल्या व लढा १९५१ पर्यंत चालला. ठाण्यात मुख्य शस्त्र काम बंद ठेवणे हेच राहिले. बंगालमधील १९४६ च्या तेभागा चळवळीत पिकाच्या वाटणीचा प्रश्न होता. येथे मुख्यतः श्रमाच्या मोबदल्याचा.

दुसरा वाद कालाचा होता. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात कम्युनिस्ट पक्ष सामील झाला नाही. सोव्हिएत रशियावरील आक्रमणानंतर त्याने महायुद्धाला लोकयुद्ध मानले आणि त्याच्यावरील बंदी जुलै १९४२ मध्ये उठली. त्यामुळे काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगात किंवा भूमिगत असताना या पक्षाला उघडपणे काम करण्याची मोकळीक मिळाली. या मोकळिकीचा फायदा घेऊन त्याने आदिवासी भागात पाय रोवले, असा आक्षेप पुढे पुष्कळ वर्षे घेतला गेला. त्यात तथ्य आहे. परंतु ते अपुरे आहे. मोकळीक होती म्हणून कार्यकर्ते गावात येऊ शकले हे खरे. ते आल्यावर लोक त्यांच्यामागे का गेले, याचे उत्तर त्या मोकळिकीत नाही. काँग्रेसचे स्थानिक वजन या भागात ज्या थरांवर अवलंबून होते त्यांत व्यापारी व जमीनमालक होते, आणि त्या कारणाने वेठीचा प्रश्न हाती घेणे त्या संस्थेला अडचणीचे होते, हेही विसरता येत नाही.

तिसरा वाद अधिक मूलगामी होता. खेर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले आदिवासी सेवा मंडळ आणि आचार्य भिसे यांच्यासारखे निष्ठावंत सेवक या भागात शाळा, आश्रम व सहकारी संस्था यांच्या मार्गाने काम करीत होते. पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे जे कार्य केले तेही याच परंपरेतील. आदिवासीचे कल्याण वर्गद्वेषाने नव्हे, तर शिक्षणाने व हृदयपरिवर्तनाने होईल, अशी या मंडळींची श्रद्धा होती. उलट, पोट रिकामे असताना व पाठीवर वळ असताना शाळेचा उपयोग काय, असा किसान सभेचा सवाल होता. वस्तुतः दोन्ही मार्गांना आपापली फळे आली. परंतु दोन्हीकडील नेतृत्व शहरातून आलेल्या सुशिक्षित माणसांचे होते. आदिवासींच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी होता, आणि तो दोघांनाही लागू होता. लाल बावट्याविषयीच्या पुढील सर्व वादांत हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा उद्‌भवलेला दिसतो.

५

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९४८ साली जव्हार संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात समाविष्ट झाले. त्याच वर्षी मुंबईचा कूळकायदा झाला. १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कुळाला जमिनीचा मालक मानण्याचे तत्त्व अमलात आले. ज्या मागण्यांसाठी १९४५ मध्ये लोकांनी गोळ्या झेलल्या, त्यांपैकी काही आता कायद्याच्या पुस्तकात आल्या. यामुळे एक नवा वाद निघाला : वेठबिगार कोणी संपविली, लाल बावट्याने की कायद्याने? याचे उत्तर कालक्रमातच आहे. वेठ व लग्नगडी या प्रथा कायद्याच्या अगोदर मोडल्या. जमिनीवरील हक्क कायद्यामुळे मिळाला, परंतु तो नोंदवून घेण्याइतके धैर्य ज्या गावांत होते तेथेच तो टिकला. कायदा व चळवळ यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानल्यामुळे हा संबंध झाकला गेला.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाणे मतदारसंघातून श्यामराव परुळेकर व लक्ष्मण मातेरा हे दोघे कम्युनिस्ट उमेदवार लोकसभेवर निवडून गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचे तलासरी हे स्वतंत्र केंद्र झाले. झरीच्या परिषदेने ज्या लोकांना एकत्र आणले होते त्यांच्यामधून आता राज्याची सीमा गेली.

यानंतरचा आघात पक्षाच्या आतून आला. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर कम्युनिस्ट पक्षातील मतभेद विकोपास गेले आणि १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. परुळेकर पतिपत्नी मार्क्सवादी पक्षात गेली. त्यांच्याबरोबर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी संघटनाही त्या पक्षाकडे राहिली. देशद्रोहाचा आरोप या काळात त्यांच्यावर उघडपणे केला जाई. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असतानाच ३ ऑगस्ट १९६५ रोजी श्यामरावांचे निधन झाले. ज्या वारल्याला मॉस्को कोठे व पेकिंग कोठे हे ठाऊक नव्हते, त्याच्या संघटनेचे भवितव्य या दोन राजधान्यांमधील तंट्याशी जोडले जावे, हा या इतिहासातील एक विलक्षण विपर्यास आहे. तरीही संघटना फुटली नाही. लोकांची निष्ठा धोरणापेक्षा निशाणाशी व ओळखीच्या माणसांशी होती, हे त्याचे कारण होय. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यास मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

या पंचवीस वर्षांतील लोकसभेच्या निवडणुकांकडे पाहिले असता लोकमताची हालचाल दिसते. १९६७ साली डहाणू मतदारसंघातून जव्हारचे माजी संस्थानिक यशवंतराव मुकणे काँग्रेसच्या वतीने निवडून आले. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच मतदारसंघातून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम हे आदिवासी कार्यकर्ते विजयी झाले. जव्हार विधानसभा मतदारसंघानेही पुढील काळात या पक्षाचे उमेदवार निवडून दिले. संस्थानिकाच्या मुलखात त्याच्या प्रजेतील माणसे प्रतिनिधी व्हावीत, ही घटना कोणत्याही पक्षाच्या यशापेक्षा मोठी आहे.

६

१९७० नंतर लाल बावट्याला आव्हान मिळाले ते जमीनदारांकडून नव्हे, तर आदिवासींमध्येच काम करणाऱ्या नव्या संघटनांकडून. पालघर तालुक्यात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमी सेना उभी राहिली. आदिवासीचे नेतृत्व आदिवासीनेच करावे आणि कोणत्याही पक्षाच्या अधीन राहू नये, असा तिचा आग्रह होता. १९७८ मध्ये डहाणू भागात कष्टकरी संघटना स्थापन झाली. तिच्या प्रारंभीच्या कार्यात जेझुइट पंथाच्या काही धर्मगुरूंचा पुढाकार होता. मार्क्सवादी पक्षाने तिच्यावर चर्चच्या व परकीय पैशाच्या प्रभावाचा आरोप केला. उलट, जुन्या पक्षाचे गावपुढारी सत्तेला सरावले असून विरोधी मत सहन करीत नाहीत, असे या संघटनेचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी परस्परांवर हिंसेचे आरोप झाले आणि गावे दोन तटांत विभागली गेली.

हा संघर्ष लाल बावट्याच्या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग मानावा लागतो. बाहेरून आलेले चिथावणीखोर म्हणून ज्या पक्षाला एकेकाळी हिणविले गेले, त्यानेच तो शब्द नव्या प्रतिस्पर्ध्यांसाठी वापरला. यामागे केवळ सत्तेचा मोह होता असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. गोळीबारात माणसे गमावलेल्या संघटनेला एकजूट हेच आपले एकमेव बळ आहे असे वाटत असते, आणि एकजुटीतून फुटणारा तिला शत्रूसारखा दिसतो. परंतु ज्या लोकांनी मालकाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क मिळविला, त्यांना आपल्या पक्षालाही ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या घाईत नजरेआड झाले.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. सूर्यमाळच्या पठारावर हा पक्ष तलासरीप्रमाणे का रुजला नाही?

सूर्यमाळ व त्याच्या आसपासच्या पाड्यांची उपजीविका मुख्यत्वे डोंगरउतारावरील नागली व वरई, काही भात, आणि जंगलातील पदार्थ यांवर चालत आली आहे. येथून किनाऱ्याची रेल्वे दूर. कसारा घाटाची रेल्वेही डोंगर उतरल्याशिवाय मिळत नाही. मुंबईला गवत पुरविणारे मोठे माळ व त्यांचे मालक यांची जी व्यवस्था पश्चिम पट्ट्यात होती ती या उंचीवर त्या प्रमाणात वाढली नाही. सावकार येथेही होता, परंतु शेकडो मजुरांना एकाच हंगामात एकाच दराने कामाला लावणारा मालक येथे विरळ होता. संपाला मालक लागतो. ज्याच्या विरुद्ध काम बंद करावयाचे तो समोर असावा लागतो, आणि काम बंद केल्याने त्याचे नुकसान व्हावे लागते. पठारावरील माणसाने नागली पेरणे थांबविले असते तर उपाशी तोच राहिला असता.

त्याचा संबंध येई तो जंगलखात्याशी. राखीव जंगलातील जमीन कसणे, गुरे चारणे, लाकूड तोडणे या सर्व गोष्टी खात्याच्या मर्जीवर होत्या. हा प्रतिपक्ष अदृश्य होता. तो कागदावर, सीमेच्या दगडावर आणि रखवालदाराच्या रूपाने दिसे. त्याच्याविरुद्ध लाल बावट्याचे १९४५ चे शस्त्र चालत नव्हते. म्हणूनच या भागात चळवळीला खरा आधार मिळाला तो वनजमिनीच्या मागणीतून, आणि ती मागणी फळास येण्यास फार काळ लागला. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्या कायद्याखालील दावे मंजूर व्हावेत ही मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या किसान सभेच्या मोर्चाची एक प्रमुख मागणी होती. ६ मार्चला निघालेला तो मोर्चा १२ मार्चला आझाद मैदानावर पोहोचला, तेव्हा त्यात आदिवासींची संख्या मोठी होती. झरीच्या परिषदेला त्या वेळी त्र्याहत्तर वर्षे होत आली होती.

दरम्यान पठारावरील दुःखाचे स्वरूप सर्वांसमोर आले ते वेगळ्याच प्रकारे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष तेथे गेले. या मृत्यूंना जबाबदार धरावा असा एकच जमीनदार नव्हता. पावसाळ्यानंतर काम नसणे, भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर कुटुंबासह जावे लागणे, दवाखाना दूर असणे, रेशन वेळेवर न मिळणे, अशा अनेक गोष्टींचा तो परिणाम होता. त्याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेवर मुंबईच्या पाण्यासाठी धरणे झाली. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पुरे झाले. शहराला गवत पुरविणाऱ्या पट्ट्याने एकदा आपला दर ठरवून घेतला. पाणी पुरविणाऱ्या पठाराला तसे करण्याचा मार्ग सापडलेला नाही, आणि उन्हाळ्यात तेथील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते.

मतपेटीतही हा भेद उमटलेला दिसतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. तलासरीचा समावेश असलेल्या डहाणू विधानसभा मतदारसंघातून २०१९ व २०२४ या दोन्ही निवडणुकांत मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. राज्यात अन्यत्र हा पक्ष जवळजवळ निष्प्रभ झाला असतानाची ही गोष्ट आहे. जव्हार व मोखाडा हे तालुके ज्या विक्रमगड मतदारसंघात येतात, तेथे २००९, २०१४ व २०२४ मध्ये भारतीय जनता पक्ष आणि २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस विजयी झाली. जेथे १९४५ च्या संपाची आठवण घराघरांत आहे तेथे निशाण टिकले. जेथे तो संप घडण्यासारखी स्थितीच नव्हती तेथे पक्ष इतर पक्षांसारखाच एक ठरला.

या सर्व विवेचनातून लाल बावट्याविषयीच्या दोन्ही रूढ मतांची दुरुस्ती करावी लागते. तो बाहेरून लादला गेला असता तर कार्यकर्ते जेथे जेथे गेले तेथे तेथे त्याचा सारखाच प्रसार झाला असता, किंवा तो कोठेच टिकला नसता. केवळ विचारसरणीच्या बळावर तो वाढला असता तर पठारावरील अधिक हलाखीत तो अधिक बळावला असता. तो वाढला तो एका विशिष्ट अन्यायाला, त्या अन्यायाच्या नेमक्या सांध्यावर, लोकांना एकत्र धक्का देता आला म्हणून. ज्या वादांनी त्याला घेरले त्यांतही त्याने जेव्हा लोकांना स्वतः बोलू दिले तेव्हा तो तरला, आणि जेव्हा त्यांच्या वतीने आपणच बोलण्याचा हक्क सांगितला तेव्हा त्याची हानी झाली. सूर्यमाळच्या पाड्यांवर जो कोणी पक्ष यापुढे पाय रोवू इच्छील, त्याला तेथील अन्यायाचा सांधा प्रथम शोधावा लागेल. तो तलासरीच्या सांध्याहून निराळा आहे, आणि तो कोठे आहे हे तेथील माणसांखेरीज अन्य कोणी सांगू शकणार नाही.